खुंट्यावरचे दोन हात



ओवीकडे आपण काव्य म्हणून पाहतो. ते योग्यच आहे. परंतु दोन बायकांचे हात एका चालीत चालविण्याचे कामही ओवी शतकानुशतके करीत आली, या बाजूकडे आज मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

याचा जुना पुरावा हैदराबादपासून फार दूरचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत ती हैदराबाद राज्यातच होती. एका उखळात दोघी कांडू लागल्या की एकीचे मुसळ वर जाताना दुसरीचे खाली यावे लागते. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळते.

जात्यावर हे नाते अधिक निकटचे होते. समोरासमोर बसलेल्या जावा-जावा किंवा नणंद-भावजय एकच खुंटा धरीत. एक ओढी तेव्हा दुसरी हात सैल सोडी. मोकळ्या हाताने एक जण वैरण घाली. एकीने ओवी उचलावी, दुसरीने ती पुढे न्यावी. कोणी अंगचोरपणा करते आहे, कोणाच्या अंगात ताप आहे, हे सांगावे लागत नसे. खुंट्यातून ते कळे.

विद्यार्थीदशेत नांदेडकडील एका खेड्यात मी ओव्या टिपून घ्यावयास गेलो होतो. एका वृद्धेला दोन ओव्यांपुढे काही आठवेना. मी वही मिटणार, तोच तिने जावेला हाक मारली. दोघींनी रिकाम्या जात्याचा खुंटा धरला, आणि माझी लेखणी मागे पडली.

त्या वेळी मला नवल वाटले. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी वाचले तेव्हा उलगडा होऊ लागला. एक दांडा दोन दोऱ्यांनी आलटून पालटून ओढावयाचा होता. दोन्ही दोऱ्या एकाच माणसाकडे असण्यापेक्षा दोघांकडे एकेक असताना अधिक जोर लागे, आणि दोघांचे ओढणे एकमेकांत अधिक मिसळे. संशोधकांच्या मते, त्या ताणातून दोघांना एकमेकांचा अंदाज मिळत होता. आमच्या आयाबायांचा खुंटा हेच करीत असावा, असे मला वाटते.

साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, डॉ. ना. गो. नांदापूरकरांचा ‘मराठीचा मोहोर’, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्या, या थोर संकलनांमुळे शब्द वाचले. हातांची नोंद मात्र फार थोडी झाली. पिठाच्या गिरणीने बायकांचे पहाटेचे कष्ट हलके केले. त्याबद्दल खंत करण्याचा अधिकार, ज्यांनी कधी दळले नाही अशा आम्हा पुरुषांना नाही. तरीही कष्ट सरले तशी त्यांच्यासोबतची विद्याही सरत आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. घरी आजी असेल तर तिच्या ओव्या लिहून घ्याच. पण त्याआधी तिच्यासमोर बसा आणि खुंट्याला आपलाही हात लावा.