केळ्यांवर वाढलेली मुलं



गेल्या चातुर्मासात माझी नऊ वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली होती. दोन वर्षांपूर्वी तिला सिलिॲक असल्याचं कळलं. या आजारात गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. गहू बंद केल्यावर तिचं वजन वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं, पण पोट काही पूर्ण शांत होईना. जेवण झालं की फुगायचं, मधूनच जुलाब. कुणीतरी माझ्या बहिणीला एक आहाराचा कागद दिला होता. त्यात साखर बंद, भात बंद, ज्वारी-बाजरीसकट सगळी धान्यं बंद. बहीण म्हणाली, "ताई, करून बघू का गं?"

उत्तर देण्याआधी हा कागद आला कुठून ते शोधायचं ठरवलं. शोधता शोधता शंभर वर्षं मागे गेले, आणि जे वाचलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

सन 1888 मध्ये लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी या आजाराचं नेमकं वर्णन केलं. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, शौच फिकट आणि दुर्गंधीचं. हे मूल बरं झालंच तर आहारानेच होईल, असं त्यांचं मत होतं. पण आहारातलं नेमकं काय काढायचं, हे त्यांना उमगलं नव्हतं. पिठूळ पदार्थ कमी द्यावेत असं ते सांगत, आणि त्याच वेळी पावाचे पातळ भाजलेले तुकडे चालतील असंही म्हणत. त्या काळी यातली बरीच मुलं दगावत.

मग न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास आले. 1924 मध्ये त्यांनी एक लेख छापला. पाव, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद करून त्यांनी या मुलांना भरपूर पिकलेली केळी दिली होती, आणि आठ मुलं सुधारली होती. हास यांचं म्हणणं असं की या मुलांना पिष्ट, म्हणजे स्टार्च, आणि नेहमीची साखर पचत नाही. पिकलेल्या केळ्यातली साखर मात्र चालते. हा उपाय अमेरिकेत सगळीकडे पसरला आणि अनेक मुलं अक्षरशः केळ्यांवर वाढली. बटाट्याऐवजी कच्चं केळं घालून भाजी करणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचं जरा जास्तच कौतुक वाटतं!

मुलं जगली हे खरंच होतं. पण का जगली? पाव आणि बिस्किटांबरोबर गहूही ताटातून गेला होता. खरं औषध ते होतं, आणि श्रेय मिळालं केळ्याला.

हे उलगडलं हॉलंडमध्ये. हेग शहरातल्या बालरुग्णालयात विलेम डिके नावाचे डॉक्टर होते. 1930 च्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय आला होता. पाव बंद केला की आपलं मूल सुधारतं, हे एका आईने त्यांना सांगितल्याची नोंद आहे. पुढे 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धाच्या शेवटी, तिथे भयंकर दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला, तेव्हा सिलिॲकची मुलं उलट बरी राहिली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांच्या शौचातली चरबी मोजून हे पक्कं केलं आणि 1950 मध्ये आपला प्रबंध सादर केला. 1952 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की दोष गव्हाच्या पिष्टात नाही, ग्लुटेनमध्ये आहे. म्हणजे हास ज्याला गुन्हेगार म्हणत होते, ते पिष्ट सुटलं!

हास यांना हे पटलं नाही. 1951 मध्ये त्यांनी मुलाबरोबर लिहिलेलं पुस्तक आलं होतं. 1964 मध्ये वारले तोवर ते आपल्याच मतावर ठाम होते. याची किंमत मुलांनी मोजली. आपल्या आहाराने मूल कायमचं बरं होतं असं ते मानत आणि काही काळाने त्याला पुन्हा सगळं खाऊ देत. वरून ठणठणीत दिसणाऱ्या या मुलांच्या आतड्यांना आतून इजा होतच राहिली.

बहिणीच्या हातातला कागद आला तो इथूनच. एलेन गॉट्शाल नावाच्या बाईंच्या लेकीला मोठ्या आतड्याचा वेगळाच आजार होता. हास यांच्या आहाराने ती सुधारली. पुढे या आईने स्वतः विज्ञान शिकून 1987 मध्ये त्या आहारावर पुस्तक लिहिलं. गहू सोडूनही पोट न सुधारलेले सिलिॲकचे लोकही मग या आहाराकडे वळले.

मग हास पूर्ण चुकले होते का? नाही. आतड्याच्या आत बारीक लव असते, आणि दुधातली साखर पचवणारा पाचकरस तिच्या टोकाशी तयार होतो. गव्हाने ती लव झडलेली असली की दूध पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात. लव पुन्हा वाढायला कित्येक महिने, कधी त्याहून जास्त काळ लागतो. कांदा, लसूण, काही डाळी, काही फळं यांतल्या विशिष्ट शर्कराही काहींना त्रास देतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने अशा पदार्थांचा अभ्यास करून काही आठवड्यांपुरता पथ्याचा मार्ग आखला आहे. त्यात पदार्थ नंतर एकेक करून परत आणायचे असतात. हास यांनी पाहिलं ते खरं होतं, पण दुय्यम कारणाला त्यांनी मुख्य कारण मानलं. म्हणून क्रम महत्त्वाचा. गहू आयुष्यभरासाठी बंद, आणि साखर-पिष्टाचं पथ्य लागलंच तर थोड्या काळापुरतं.

आता आपल्या घरचं सांगते. त्या आहारात धान्य नाही, आणि भर मांस, अंडी, मध यांवर. आपल्याला यातलं काहीच चालत नाही. कंदमुळंही गेली. मग वाढत्या मुलीच्या ताटात उरणार काय? बहिणीने विचारायच्या आधीच आठ दिवस करून पाहिलं होतं, तेवढ्यात पोर मलूल झाली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आधी डबे दाखवा."

पहिला निघाला हिंगाचा डबा. कांदा-लसूण नसलेल्या आपल्या स्वयंपाकात हिंग रोजचाच, आणि बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं! दुसरं, ज्वारी दळून यायची ती गव्हाच्याच गिरणीतून. तिसरी खपली गव्हाची खीर. खपली पचायला हलकी म्हणून आजी प्रेमाने वाटीभर द्यायची. खपली हाही गहूच. वर आजीचं म्हणणं, "आता बरी झालीय की पोर, सणाला एक पुरणपोळी खाल्ली तर काय होतंय?" मला एकदम हास आठवले. वरून बरी दिसली म्हणजे बरी झाली, ही चूक मोठ्या डॉक्टरांनीही केली होती. मग आजीला काय बोल लावायचा?

हिंग बदलला, घरात छोटी घरघंटी आणली, खीर वरीच्या तांदळाची होऊ लागली. तज्ज्ञांच्या सांगण्यावरून दूधही काही महिने थांबवलं. भात-भाकरी मात्र चालूच राहिली. पाडव्यापर्यंत फुगणं थांबलं. आता दूध थोडं थोडं परत सुरू केलं आहे.

आपल्याला त्याग शिकवावा लागत नाही. रसपरित्याग आपल्या घराघरांत पाळला जातो. म्हणूनच कुणी "हे सोडा, ते सोडा" म्हटलं की आपण पटकन सोडतो. पण व्रतातला त्याग समजून-उमजून, आपल्या शक्तीप्रमाणे केलेला असतो. लेकराच्या ताटातून घास काढताना तर तेवढा विचार हवाच. कुणाचं पोट गहू सोडूनही दुखत असेल, तर आणखी काही सोडण्याआधी डॉक्टरांना भेटा. आणि आज संध्याकाळी हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं तेवढी वाचा.