सुरतेतली मराठी मुले आणि दहावीचे इंग्रजी

दहावीच्या इंग्रजीची तयारी म्हटली की आधी भिंतीवर वेळापत्रक चिकटते. खरे तर त्याच्याही आधी विचारायला हवे की हे मूल नेमके कुठे चुकते आणि का. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतल्या मराठी मुलांपुरते तरी याचे उत्तर बऱ्यापैकी निश्चितपणे देता येते.

यांतली बरीच कुटुंबे कापडधंद्याच्या आधाराने खानदेशातून आलेली. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी. महापालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. शिवाय 2023 च्या कायद्याने गुजरातमधल्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. म्हणजे इंग्रजी ही यातल्या अनेकांची पाचवी भाषा. चार भाषांत रोजचे व्यवहार करणाऱ्या मुलाला 'भाषेत कच्चा' म्हणणे हे निदान नव्हे, हात झटकणे आहे.

अडचण वेगळीच आहे. या चारही भाषांची वाक्यरचना इतकी जवळची, की इंग्रजी लिहिताना चौघीही मुलाला एकाच दिशेने ओढतात. अप्रत्यक्ष कथन घ्या. 'तो म्हणाला की मी उद्या येईन' हे मराठीत निर्दोष आहे. गुजरातीत आणि हिंदीतही बोलणाऱ्याचा 'मी' आणि त्याचा काळ असाच कायम राहतो. इंग्रजीत मात्र 'ही सेड दॅट' लिहिल्याबरोबर 'आय'चा 'ही' व्हायला हवा, 'विल'चा 'वुड' आणि 'टुमॉरो'च्या जागी 'द नेक्स्ट डे'. मूल हे नियम घडाघडा म्हणून दाखवते आणि पेपरात 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' लिहून येते. व्याकरणाची ही चूक दिसते लहान, पण तिने येणारा माणूसच बदलतो.

दुसरी जागा पूर्ण भूतकाळाची. 'मी काल बारडोलीला गेलो होतो' असे आपण सहज बोलतो, म्हणून 'आय हॅड गॉन' लिहिले जाते. इंग्रजीला तिथे साधे 'वेंट' पुरते. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधीचे सांगताना. 'अ' आणि 'द' या उपपदांना तर चारही भाषांत जोडच नाही. प्रश्नार्थक वाक्यात साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी आणण्याची सवयही नाही, म्हणून 'व्हेअर यू आर गोइंग?' ट्यूशनमध्ये हेच गुजरातीतून समजावले तरी गाठ सुटत नाही, कारण गुजराती स्वतःच तिथे मराठीच्या बाजूला उभी असते. दोन्ही रचना शेजारी मांडून फरक कुठे पडतो ते दाखवावे लागते. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचे व्याकरण 1836 साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढच्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. तुलनेची ही वाट या शहराला परकी मानायचे कारण नाही.

आता पेपरकडे. गुजरात बोर्डाची लेखी परीक्षा 80 गुणांची, अंतर्गत मूल्यमापन 20 चे, उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. प्रश्नांचे दोन गट पडतात: पाठांवर आधारलेले आणि ज्यांतला उतारा, वाक्य किंवा विषय मुलाने आधी पाहिलेला नसतो असे. गाईड आणि 'आयएमपी' पहिल्या गटाला उपयोगी पडतात. दुसऱ्यापुढे ते मुके. वर्षभराची मेहनत मात्र बहुतेक पहिल्यावरच खर्च होते, कारण घोकले की अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

निबंधात हे उघडे पडते. स्वच्छतेवर लिहायचे तर मूल पाठ केलेला, कुठल्याही गावाला लागू पडेल असा मजकूर उतरवते. पण सप्टेंबर 1994 मधल्या प्लेगच्या साथीत माणसे शहर सोडून पळाली आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तेच सुरत इंदूरबरोबर पहिले आले, हे त्याने आजोबांकडून आणि वर्तमानपत्रातून ऐकलेले असते. त्यावर आठ-दहा छोटी, बिनचूक वाक्ये लिहायला शिकवा. सांगण्यासारखे काही असले की वाक्य सुचते, आणि छोटे ठेवले की सावरता येते.

न पाहिलेल्या उताऱ्यासाठी, सरावात, उत्तर आधी तोंडी मराठीत सांगायला लावावे. तेच चुकले तर अर्थ कळलेला नाही. ते बरोबर येऊन इंग्रजी चुकले तर रचना कच्ची आहे. या दोन दुखण्यांवर एकच औषध देऊन भागत नाही. पाठांतराला जागा आहेच: अनियमित क्रियापदांची रूपे आणि पत्राचा साचा पाठच हवा. तेवढे दिवाळीपर्यंत उरकावे, म्हणजे पुढचे महिने लिहिण्याला मिळतात.

प्रिलिमनंतर नवे काही वाचू नये. आपल्याच तपासलेल्या पेपरातल्या चुका वहीत कारणानुसार लावाव्यात: कथन, काळ, उपपद, प्रश्नरचना, स्पेलिंग. ज्या रकान्यात गर्दी, त्याचाच रोज सराव. शिक्षकांना विनंती एवढीच, की प्रिलिमचा पेपर परत देताना नुसते गुण देऊ नका. प्रत्येक चुकीशेजारी तिचा प्रकार समासात लिहून द्या.