ऑर्किडवरील कीड व रोग : घरगुती उपाय आणि त्यांच्या मर्यादा

बुंदेलखंडातील झाशी येथे मे-जूनमध्ये तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. अशा कोरड्या उष्म्यात घरी वाढविलेल्या ऑर्किडवर लाल कोळी, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता असते. पाने निस्तेज होऊन खालच्या बाजूस बारीक जाळी दिसणे, हे लाल कोळ्याचे लक्षण होय.

पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुणे हा पहिला उपाय. पिठ्या ढेकूण व खवले कीड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसून काढावी. त्यानंतर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रवरूप साबण मिसळून फवारावा. अंड्यांतून नवी कीड निघत असल्याने ७ ते १० दिवसांच्या अंतराने फवारणी पुन्हा करावी. मात्र, तापमान ३२ अंशांहून अधिक असताना तेलामुळे पाने करपू शकतात. त्यामुळे झाशीसारख्या ठिकाणी ऐन उन्हाळ्यात पाण्याने धुण्यावरच भर द्यावा.

बुरशीने सडलेला भाग निर्जंतुक ब्लेडने कापून जखमेवर दालचिनीची पूड लावावी. ही पूड मुळांना लागू देऊ नये. ती कोरडी पडतात. शेंड्यात पाणी साचू देऊ नये.

सिम्बिडियम मोझॅकसारख्या विषाणूजन्य रोगांवर घरगुती वा रासायनिक, कोणताही उपचार नाही. बाधित रोप नष्ट करणे आणि प्रत्येक रोपापूर्वी ब्लेड ज्योतीवर तापविणे, हाच इतर रोपे वाचविण्याचा मार्ग आहे.