लाँच आणि लेक्चर

मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडता फाडता मी बी.ए.चं पहिलं वर्ष केलं, तेही बारावीशिवाय. १९८९ साली नाशकात निघालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम शाळा सुटलेल्या माझ्यासारख्यांसाठीच होता.

काम करता करता शिकण्याची कल्पना जुनीच. १८५५मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. आमच्या समोरच्या मुंबईत डॉ. आंबेडकरांचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली सुरू झालं. तिथले वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे नोकरदाराला तास उरकून कामावर जाता यावं. वेळ सांभाळून घेणं ही मला फीमाफीहून मोठी मदत वाटते.

मुक्त विद्यापीठाच्या आमच्या वर्गात जाळी विणणारी एक काकू होती. इतिहासात माझ्या कायम पुढे! पावसाळ्यात लाँच बंद असतात. निम्मी पुस्तकं मी तेव्हाच उरकली.