पाण्याच्या चिवटपणाची कुळकथा

बीड तालुक्यातलं कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीचं ठिकाण. पावसाळ्यात इथे बालाघाटाच्या कड्यावरून पाणी कोसळतं. धार फुटून तिचे तुषार होतात, पण प्रत्येक थेंब स्वतःला सावरून गोल होऊ पाहतो आणि आसपासची हवा गार पडते. या दोन्हींमागचं कारण रसायनशास्त्राला विसाव्या शतकात उमगलं.

खरं तर हिशेबाने तिथे पाणी असायलाच नको. ऑक्सिजनच्याच कुळातल्या गंधकाचं हायड्रोजन सल्फाइड पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, तरी ते उणे ६० अंशांना उकळतं. सेलेनियम आणि टेल्युरियमच्या संयुगांपासून आलेख ओढत आणला, तर पाणी उणे ८० अंशांच्या आसपासच उकळायला हवं. प्रत्यक्षात त्याला १०० अंश लागतात.

१९१२ मध्ये मूर आणि विनमिल यांनी एका अल्कलीचा दुबळेपणा समजावताना दोन रेणूंमधल्या हायड्रोजनच्या सैल जोडणीची कल्पना मांडली. पाण्याकडे ती आली १९२० साली, बर्कलेच्या लॅटिमर आणि रोडेबुश यांच्या लेखातून. त्याच प्रयोगशाळेतल्या हगिन्स या विद्यार्थ्याला ही कल्पना आधीच सुचली होती. त्याचा उल्लेख मात्र तळटीपेत आला.

कल्पना साधी होती. पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे हायड्रोजनवर किंचित धन प्रभार उरतो आणि तो शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला चिकटतो. हाच हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या बंधाच्या मानाने त्याची ताकद सुमारे विसावा हिस्सा. द्रव पाण्यात तो सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात तुटतो आणि पुन्हा जुळतो. पण असे बंध अगणित असल्याने पृष्ठभागावरचे रेणू आत ओढले जातात आणि थेंब गोलाकार होतो. वाफ होताना हेच बंध तोडावे लागतात: उकळत्या पाण्याला ग्रॅममागे ५४० कॅलरी, साध्या तापमानाला थोड्या जास्तच. ही उष्णता तुषार हवेतून घेतात. बीडच्या उन्हाळ्यातला माठही याच हिशेबावर चालतो.

१९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर यांनी दाखवलं, की पाण्यातला प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी चौफलकी मांडणीत जोडलेला असतो. त्यांची चर्चा म्हणे धुक्यामुळे मॉस्कोच्या विमानतळावर अडकून पडले असताना रंगली. बर्फात ही मांडणी पक्की होते, मध्ये पोकळ्या राहतात, आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं आणि बर्फ तरंगतं.

पुढे पुणे विद्यापीठातले श्रीधर गद्रे यांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्ये ८ ते २० रेणूंच्या जलपुंजांची रचना गणिताने तपासली. बंधाची व्याख्या मात्र पक्की झाली ती २०११ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन अध्यक्ष असलेल्या आंतरराष्ट्रीय गटाकडून. हायड्रोजन आणि त्याच्या दोन बाजूंचे अणू शक्यतो सरळ रेषेत असावेत, निदान कोन ११० अंशांच्या वर असावा, असं त्या गटाने नमूद केलं.