श्रोत्यांच्या वर्गणीवर निघालेलें संगीत

संगीताचा इतिहास लिहितांना आपण गायकवादकांचा, रचनाकारांचा आणि त्यांना आश्रय देणाऱ्या राजेरजवाड्यांचा उल्लेख करितों; परंतु वर्गणीदारांच्या यादीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक ही यादी मोठी बोलकी असते. एखादी कृति अजून कानांवर पडलेली नाहीं, ती कशी उतरेल याची हमी नाहीं, आणि तरीहि शेंकडों माणसें तिचें मोल आधींच देऊन ठेवितात. दरबारच्या आश्रयावांचून कलावंताला उभें राहतां येऊं लागलें, त्यांत या साध्या गोष्टीचा वांटा मोठा आहे. मराठी वाचकाला ही चाल अपरिचित नाहीं. आगाऊ वर्गणीदार मिळवून ग्रंथ छापावयाचा, ही आपल्याकडील जुनीच वहिवाट. पाश्चात्य संगीताच्या क्षेत्रांत ही चाल कशी रुजली आणि ध्वनिमुद्रणाच्या काळांत तिनें कोणतें रूप घेतलें, हें आज पाहूं.

प्रथम अठराव्या शतकाच्या अखेरचें व्हिएन्ना शहर डोळ्यांसमोर आणूं. १७८४ सालच्या वसंतांत मोझार्टनें तेथें तीन मैफलींची मालिका योजिली व तिला १७० हून अधिक वर्गणीदार मिळाले. हाच मोझार्ट १७८८ सालीं पांच तंतुवाद्यांसाठीं केलेल्या आपल्या तीन रचना वर्गणीनें विकावयास निघाला, तेव्हां इतके थोडे लोक पुढें आले कीं, त्याला मुदत वाढवून द्यावी लागली. शहर तेंच, माणूस तोच; मधें अवघीं चार वर्षें गेलेलीं. त्या रचना आज त्याच्या उत्तम कृतींत गणल्या जातात. परंतु त्या वर्षीं ऑस्ट्रिया तुर्कांशीं युद्धांत गुंतला होता आणि लोकांचे हात आंखडले होते. वर्गणीचा आंकडा हा कलेच्या गुणवत्तेचा दाखला नव्हे. लोकांचा त्या वेळचा ओढा व ऐपत यांचें तें माप असतें.

१७९५ सालीं तरुण बेथोवेननें आपली 'पहिली कृति' म्हणून पियानो, व्हायोलिन व चेलो यांच्यासाठीं केलेल्या तीन रचना याच मार्गानें प्रसिद्ध केल्या. यादींत १२३ नांवें होतीं व त्यांनीं मिळून २४० हून अधिक प्रती घेतल्या. बेथोवेननें प्रकाशकाकडून ठराविक दरानें प्रती घ्यावयाच्या, वर्गणीदारांना त्या अधिक किंमतीस द्यावयाच्या आणि मधला नफा आपल्याकडे ठेवावयाचा, असा करार होता. यादींतील पुष्कळ नांवें सरदार घराण्यांचीं आहेत, हें खरें. म्हणजे आश्रयदाता नाहींसा झाला नव्हता. एकाचे अनेक झाले होते. परंतु एका धन्याची मर्जी सांभाळणें आणि शंभरावर लोकांना दिलेला शब्द पाळणें, यांत मोठें अंतर आहे. पुढें १८०० सालीं वृद्ध हायडननें 'सृष्टि' या आपल्या महान् रचनेची संहिता स्वतःच छापून काढिली, तेव्हां तिला ४०० हून अधिक वर्गणीदार लाभले.

ग्रामोफोन आल्यावर प्रश्न अधिक बिकट झाला. मुद्रणाचा खर्च मोठा. तेव्हां जें हमखास खपेल तेंच कंपन्या मुद्रित करीत. १९३१ सालीं, मंदीच्या ऐन दिवसांत, 'हिज मास्टर्स व्हॉइस' या कंपनीच्या लंडन येथील कचेरींतील वॉल्टर लेग या तरुणानें एक तोड काढिली. ह्यूगो वोल्फचीं गीतें मुद्रित करावयाचीं, पण ५०० श्रोत्यांनीं आधीं पैसे भरले तरच. तेवढे श्रोते मिळाले आणि ध्वनिमुद्रिका निघाल्या. याच पद्धतीनें १९३२ ते १९३५ या काळांत आर्तुर श्नाबेलनें वाजविलेले बेथोवेनचे बत्तीसहि सोनाटा प्रथमच संपूर्णपणें मुद्रित झाले. धोका श्रोत्यांनीं पत्करला. मालकी मात्र कंपनीकडेच राहिली.

पुढील कित्येक दशकें हेंच चाललें. कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देई, ती त्याच्याच मानधनांतून वळती करून घेई, आणि मूळ मुद्रणावर बहुधा आपलाच हक्क ठेवी. या व्यवहाराला निराळें वळण दिलें तें मॅरिलियन या इंग्रज वाद्यवृंदाच्या चाहत्यांनीं. अमेरिकेच्या दौऱ्यास पैसा नाहीं, असें कळतांच १९९७ सालीं त्यांनीं आपण होऊन सुमारें ६०,००० डॉलर जमविले. तो धडा घेऊन वृंदानें पुढचा अल्बम तयार होण्यापूर्वींच त्याची किंमत श्रोत्यांकडे मागितली. १२,००० हून अधिक लोकांनीं ती भरली व २००१ सालीं अल्बम निघाला. २००४ च्या अल्बमाच्या विशेष आवृत्तींत तर आगाऊ पैसे भरणारांचीं नांवेंच छापलीं. बेथोवेनच्या काळची यादी अशी पुन्हां अवतरली.

त्याच वर्षीं अमेरिकन रचनाकार मारिया श्नायडर हिनें 'आर्टिस्टशेअर' या संस्थेमार्फत श्रोत्यांच्या पैशावर आपल्या जॅझ वृंदाचें मुद्रण केलें. तो अल्बम दुकानांत विक्रीस ठेवलाच नव्हता. तरीहि २००५ सालीं त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालें. २००९ सालीं निघालेल्या 'किकस्टार्टर'नें ठरविलेली रक्कम पुरी जमली तरच पैसे घ्यावयाचे, असा नियम केला. लेगची ५०० वर्गणीदारांची अट ती हीच. २०१२ सालीं अमांडा पामर या गायिकेला त्या मार्गानें सुमारें २५,००० लोकांकडून अकरा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली.

मात्र या इतिहासाला दुसरी बाजूहि आहे. २००९ सालीं लंडनमध्यें सुरू झालेली 'प्लेजम्यूझिक' ही संस्था दहा वर्षांनीं, २०१९ सालीं, बुडाली. श्रोत्यांनीं आपला शब्द पाळला होता, कलावंत काम करीत होते. पण मध्यस्थाकडे जमलेला पैसा अनेकांच्या हातीं पडलाच नाहीं. कित्येकांना कर्ज काढून अल्बम पुरे करावे लागले. बेथोवेनच्या व्यवहारांत प्रकाशकाचा दर लेखी ठरलेला होता व वर्गणीदारांचीं नांवें सर्वांसमोर छापलेलीं होतीं. तेव्हां आज जो कलावंत श्रोत्यांपुढें हात पसरील, त्यानें किती रक्कम जमेल याची चिंता करण्यापूर्वीं, ती कोणाच्या ताब्यांत राहील, संस्थेच्या खर्चापासून वेगळी ठेविली जाईल कीं नाहीं आणि काम न झाल्यास परत कशी मिळेल, हें आधीं लेखी ठरवून घ्यावें. श्रोता उधार देतो तो आपला विश्वास. त्याचा हिशेब कलावंतालाच द्यावा लागतो.