ट्रॉली मागे घेण्याची विद्या : बटण की सराव?

कट्टा (ता. मालवण) : मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कट्टा ही आसपासच्या वाड्यांची बाजारपेठ. पावसाळा संपला की या भागात घरबांधणीला जोर येतो आणि जांभ्याचे चिरे, वाळू, खडी वाहणारे ट्रॅक्टर मुख्य रस्ता सोडून वाड्यांकडे वळू लागतात. चालकाची खरी परीक्षा तेथेच सुरू होते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये जेमतेम ट्रॉली मावेल एवढी पाणंद आणि टोकाला ज्याच्या खळ्यात माल उतरवायचा त्याचे घर. वळायला जागा नसते. मग एक तर आत जाताना ट्रॉली मागे रेटत न्यावी लागते, नाही तर बाहेर पडताना.

या कामासाठी परदेशी मोटारींत आता बटण आले आहे. फोक्सवॅगनने २०१४च्या सुमारास आणि फोर्डने २०१६ सालच्या ‘एफ-१५०’ या पिकअप गाडीत, ट्रेलर मागे घेताना सुकाणू आपोआप फिरवणारी यंत्रणा दिली. फोर्डच्या गाडीत त्यासाठी एक फिरता खुंटा आहे. तो ज्या बाजूला वळवावा त्या बाजूला ट्रेलर वळतो. फोक्सवॅगनमध्ये हेच काम आरसे हलवण्याच्या कळीवर सोपवलेले आहे. जर्मनीच्या झेडएफ कंपनीने तर २०१४ साली पंचवीस मीटरहून लांब जोडट्रक टॅबलेटच्या पडद्यावर बोट फिरवून मागे घेण्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे ट्रॉली मागे घेऊन पाहिलेल्यालाच कळते. नुसती मोटार मागे घेताना सुकाणू डावीकडे फिरवले की गाडीचा मागचा भाग डावीकडे जातो. ट्रॉली जोडली की हिशेब उलटतो. ट्रॅक्टरचा हूक डावीकडे सरकतो, ट्रॉलीच्या दांडीचे तोंड सोबत डावीकडे ढकलतो आणि ट्रॉली स्वतःच्या चाकांभोवती फिरून तिचे शेपूट उजवीकडे जाते. पुढे जाताना ट्रॉली ओढली जाते, त्यामुळे ती आपसूक सरळ होते. मागे जाताना ती ढकलली जाते आणि जराही तिरकी झाली की तिरकेपणा वाढतच जातो. तळहातावर उभी काठी तोलण्यासारखाच हा प्रकार. कोन एका मर्यादेपलीकडे गेला की सुकाणू कितीही फिरवा, ट्रॉली दुमडत जाते. दांडी मागच्या टायरला भिडते, प्रसंगी वाकते. अशा वेळी थांबून थोडे पुढे जाणे हाच उपाय असतो.

लांब ट्रॉली अधिक अवघड, हा समज मात्र चुकीचा आहे. दांडीपासून चाकांपर्यंतचे अंतर जितके कमी, तितकी ट्रॉली चटकन भरकटते. लांब ट्रॉली सावकाश वळते आणि चालकाला विचार करायला सवड देते.

यंत्रणा करते ते एवढेच, की हा उलटा हिशेब ती चालकाच्या डोक्यातून काढून संगणकाकडे देते. फोर्डच्या पद्धतीत ट्रेलरच्या दांडीवर चौकटीचौकटींचे एक चिकटपत्र लावतात. मागचा कॅमेरा त्यावरून दांडीचा कोन सतत मोजतो आणि विजेवर चालणारे सुकाणू त्याप्रमाणे फिरते. तत्पूर्वी ट्रेलरची मापे मोजून गाडीला सांगावी लागतात. वेग आणि ब्रेक चालकाच्याच पायाखाली राहतात, आणि मागे मूल आले, गडगा आला, गटार आले, हे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच. चिकटपत्र झाकले गेले की कॅमेरा आंधळा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर कोकणातल्या तांबड्या चिखलात त्याचा निभाव किती लागेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मुळात ट्रॅक्टरला ही यंत्रणा बसवणे सोपे नाही. आपल्याकडील ट्रॅक्टरांचे सुकाणू यांत्रिक किंवा तेलाच्या दाबावर चालणारे असते; संगणकाने फिरवावे असे ते बनवलेले नाही. नव्या मोटारींना मागचे अडथळे सांगणारे सेन्सर भारतात १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले, पण तो नियम प्रवासी मोटारींपुरता होता. वर्षातून दोनदा सुटीसाठी ट्रेलर ओढणाऱ्या युरोप-अमेरिकेतील गृहस्थाला बटणाचा उपयोग निश्चित आहे. दिवसाला चार खेपा मारणाऱ्या चालकाचे त्यावाचून काही अडत नाही. त्याचे अडते ते नीट शिकवले न गेल्याने.

या बाबतीत कायदाही फारसा मदतीला येत नाही. ट्रॅक्टरचा वैध परवाना असलेला चालक केवळ ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी खटल्यात दिला. विमा भरपाईच्या दृष्टीने तो अपघातग्रस्तांना दिलासा देणारा होता. ट्रॉली हाताळण्याचे शिक्षण मात्र उस्तादाच्या मर्जीवरच राहिले. ब्रिटनमध्ये १९९७ नंतर परवाना घेणाऱ्यांना मोठा ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे आणि तीत ट्रेलर मागे घेऊन दाखवावा लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून तेथेही मोटारचालकांसाठी ती अट उठली.

शिकण्याची जुनी पद्धत साधी आहे. कापणी झालेला कोरडा, सपाट मळा, रिकामी दुचाकी ट्रॉली आणि सर्वांत हलका रिव्हर्स गिअर. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची पावले कडीने एकत्र जोडलेली हवीत. एकच चाक अडले तर ट्रॅक्टर भलतीकडे फिरतो. हात सुकाणूच्या खालच्या कडेला धरावा. असा धरला की हात ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला ट्रॉली जाते आणि डोक्यातला उलटा हिशेब संपतो. फोर्डचा खुंटा तरी याहून वेगळे काय करतो? सुकाणू थोडे फिरवावे, ट्रॉली वळू लागताच परत घ्यावे आणि तिच्या मागोमाग ट्रॅक्टर न्यावा. प्रथम सरळ रेषा साधावी, मग दोन बांबूंच्या मधून, मग वळण. बंदिस्त केबिनच्या गाडीत वळण शक्यतो उजवीकडून घ्यावे, कारण त्या बाजूचे चाक चालकाला दिसते. उघड्या ट्रॅक्टरवर मान वळवली की दोन्ही बाजू दिसतात. ही सोय महागड्या पिकअपलाही नाही.

भरलेल्या ट्रॉलीचे तंत्र निराळे. दुचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडतात आणि सुकाणू फिरवूनही तोंड वळत नाही. चढावर हे अधिक जाणवते. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणाऱ्या माणसाने ट्रॉलीच्या थेट मागे किंवा ट्रॉली आणि गडगा यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये. तो चालकाला सतत दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की चालकाने तत्काळ थांबावे. इंजिनाच्या आवाजात हाकेपेक्षा हाताची खूण भरवशाची.

चारचाकी ट्रॉलीला मात्र हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिची पुढची चाके दांडीबरोबर फिरतात, म्हणजे सांधे दोन होतात, आणि सरावलेले हातही अडखळतात. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या दिसतात. ती माळ मागे घेण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पिन काढून मागची ट्रॉली सोडायची, चाकांना दगडाची उटी लावायची आणि पुढचीपुरते पाहायचे, हा तेथला रिवाज आहे.